चारच्या सुमाराची नानकटाई

नीलिमावहिनी टिपणीस आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. अंबरनाथला कानसईत आमची इमारत उभी राहिली तेव्हा अगदी सुरुवातीला जी बिऱ्हाडं आली, त्यांत टिपणीस होते आणि आम्ही होतो. माझ्यापेक्षा त्या वयानं मोठ्या. माझी पोरं लहान असताना तापाबिपात त्यांनी रात्ररात्र मांडीवर घेतलेली आहेत. तेव्हा पुढे मी जे सांगणार आहे ते एका वाईट बाईबद्दल सांगतेय असं कुणी समजू नये. मलाही ती वाईट वाटत नव्हती. अजूनही नक्की काय म्हणावं ते मला ठरवता आलेलं नाही.

त्यांचं माहेर बदलापूर गावातलं. तिथं त्यांची आत्या, वेणूबाई, लग्नाकार्यांसाठी नानकटाई करून द्यायची. पातेल्यात वाळू तापवायची, आत थाळी ठेवायची आणि झाकणावर निखारे. वहिनी तिच्या हाताखाली शिकल्या. घड्याळ नाही, काही नाही. तुपाचा वास कच्चा आहे की पिकला, एवढंच ओळखायचं. पिकला की थाळी बाहेर. वहिनींची नानकटाई तोंडात घातली की चावावी लागत नसे. इमारतीतल्या कुठल्याही घरात बाळंतीण आली, पाहुणे आले, मुलगा पास झाला, की पहिला डबा वरून यायचा.

त्यांचे यजमान बाळकृष्ण टिपणीस. नात्यात आणि कारखान्यात सगळे त्यांना बाळ टिपणीसच म्हणत. एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात ते क्वालिटीचे अधिकारी होते. मालाचा नमुना समोर यायचा, तो बघून पास की रिजेक्ट एवढं सांगायचं, हे त्यांचं काम. घरीही तेच. ताट समोर आलं की पहिला घास घ्यायचे, जरा थांबायचे आणि म्हणायचे, ‘रिजेक्ट’. पाहुण्यांसमोर हमखास. पाहुण्यांना वाटायचं गंमत आहे, ते हसायचे. आवाज त्यांनी कधी चढवला नाही, हात तर कधीच उचलला नाही. सासरच्या माणसांत वहिनींचं नशीब चांगलं समजलं जायचं.

एकदा सोसायटीच्या गणपतीत वहिनींनी प्रसादाला नानकटाई केली होती. मांडवात सगळ्यांसमोर टिपणिसांनी एक उचलली, तोडली, वास घेतला आणि बाजूला बसलेल्या कुत्र्याकडे टाकली. कुत्र्यानं खाल्ली. तेव्हा ते म्हणाले, “ह्याला चव कुठली कळायला? तुझ्या माहेरचा दिसतो.” लोक हसले. वहिनीही हसल्या. मी त्यांच्या शेजारी ताट धरून उभी होते, त्यांनी ते माझ्या हातून घेतलं आणि उरलेली नानकटाई वाटायला लागल्या.

महिला मंडळानं एकदा वहिनींना गळ घातली की उन्हाळ्यात आम्हाला शिकवा. आम्ही चारपाचजणी विचारायला वर गेलो. टिपणिसांनी आम्हाला बसवलं, स्वतः पाणी आणून दिलं आणि अगदी हसतमुखानं म्हणाले, “जरूर शिका. काय काय करू नये, ते हिच्याइतकं चांगलं कुणी शिकवणार नाही.” वर्ग झाला नाही. त्यावर नंतर कधी बोलणंही झालं नाही.

ते निवृत्त झाले आणि घरातच बसायला लागले. फंडाचे पैसे आले होते, म्हणून स्वयंपाकघर नवीन करायचं ठरलं. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून कपाटं आणि ओटा असा सगळा सेट आला, त्यातच भिंतीत बसवायचा ओव्हन. आत पंखा असलेला, गरम हवा फिरवणारा. दुकानदार सिंधी, बोलका माणूस. त्यानं दाखवलं, की हा डायल फिरवून किती वेळ भाजायचं ते सांगा, हा दाबून किती वाजता तयार हवं ते सांगा. कधी पेटायचं ते ओव्हन स्वतः ठरवतो आणि वेळ झाली की स्वतःच बंद होतो. “मॅडम बाजारात गेल्या तरी साहेबांचा केक रेडी,” असं तो म्हणाला. टिपणिसांना ते फार आवडलं. वहिनींनी मला सांगितलं, की लग्नानंतर इतक्या वर्षांत एवढं खूश होऊन त्यांना कशाकडे बघताना त्यांनी पाहिलं नव्हतं.

ओव्हन बसला, पण त्याला हात टिपणीसच लावायचे. पीठ वहिनींनी मळायचं, ट्रे वहिनींनी भरायचा. वेळ ते लावणार. मध्ये दार उघडायचं नाही. वहिनींना सवय नाकाची. वास पिकला की त्यांचा हात आपोआप दाराकडे जायचा. ते खुर्ची टाकून समोरच बसलेले असायचे. “वेळ झालेली नाही,” म्हणायचे. नानकटाई लाल व्हायची, कधी कडेनं काळी. मग तीच बशीत घेऊन ते रिजेक्ट म्हणायचे.

त्यांना एकच मुलगी, हिमानी. बंगळूरला नोकरी करायची. तिचं लग्न ठरत आलं होतं आणि मुलाकडची मंडळी संध्याकाळी घर बघायला यायची होती. केक करायचा होता. टिपणिसांचं म्हणणं, मिश्रण सकाळीच ओव्हनमध्ये ठेवायचं, मंडळी आल्यावर केक तयार होईल अशी वेळ लावायची. पाहुणे दारात आणि केक गरम. वहिनींनी सांगितलं, की मिश्रण असं दिवसभर राहत नाही. त्यातला फुगवा निघून जातो, केक बसतो. ते म्हणाले, यंत्राला तुझ्यापेक्षा जास्त कळतं. आणि सकाळीच वेळ लावून टाकली.

पाहुणे आले, ओव्हनची घंटी वाजली, केक बाहेर आला. तो खालीच बसलेला होता. टिपणिसांनी सुरी घेतली, कापला आणि तुकडा बशीवर ठोकून दाखवला. टक्‌ टक्‌ वाजला. “आमच्याकडे विटाही होतात,” असं ते व्याह्यांना म्हणाले. सगळे हसले. हिमानीही हसली. तिला नव्या माणसांसमोर हसणं भाग होतं, हे मी समजू शकते. पण वहिनींच्या मनातून ते हसू कधी गेलं नाही. पाहुणे गेल्यावर त्यांनी नवऱ्याला एवढंच विचारलं, की मी सांगत होते तर का ऐकलं नाही. ते म्हणाले, “मलाही माहीत होतं. माहितीपुस्तकात लिहिलंय, मिश्रण ताबडतोब भाजावं. पण तू म्हणालीस म्हणून ऐकायचं, असं थोडंच आहे?”

हिमानीचं लग्न झालं, ती बंगळूरला संसाराला लागली. त्यानंतरच्या हिवाळ्यात एका सकाळी टिपणीस दाढी करताना बेसिनपाशी कोसळले. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. समजत सगळं होतं. डोळे अगदी पूर्वीचेच, तीक्ष्ण. पण गिळणं जमेना. घास पोटाऐवजी श्वासनलिकेत जायची भीती, म्हणून नाकातून नळी घातली. इस्पितळातून घरी आणलं ते नळीसकटच.

वहिनींनी जी सेवा केली ती अख्ख्या कानसईनं पाहिली. चादर रोज बदलायची. पाठीला एक फोड नाही, अंगाला वास नाही. दिवसा मदतीला संध्या नावाची बाई ठेवली होती, उल्हासनगरहून यायची, कामाला स्वच्छ. नातेवाईक येऊन जात आणि जिना उतरताना म्हणत, बाळचं नशीब मोठं. पलंग मात्र वहिनींनी बेडरूममध्ये न ठेवता हॉलमध्ये लावून घेतला होता, स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून. तिथं हवा येते, असं त्या म्हणाल्या.

मग दुपारचा वास सुरू झाला.

रोज चारच्या सुमाराला, टिपणिसांची झोप होऊन डोळे उघडायची वेळ, आमच्या घरात वरून तुपात भाजलेल्या पिठाचा वास यायचा. वेलदोडा, जायफळ. मला बरंच वाटलं. म्हटलं, बाईला जरा मोकळीक मिळाली, आता स्वतःच्या हातानं करत असेल. संध्याकाळी डबा यायचा, आम्ही खायचो. माझे यजमान म्हणायचे, अशी नानकटाई वहिनींनी पूर्वी कधी केली नव्हती. खरंच होतं. वहिनींनी त्या ओव्हनची वेळ इतकी पक्की बसवली होती, की एकही करपत नव्हती.

पुढे एका संध्याकाळी काम संपल्यावर संध्या माझ्या दारात आली. आत बसायला तयार नव्हती. म्हणाली, “ताई, तुम्ही त्यांच्या जवळच्या आहात म्हणून बोलते. वहिनी जेवणं झाली की ट्रे आत ठेवतात, टायमर लावतात आणि बाहेर जातात. चार वाजले की मशीन आपोआप चालू होतं. आत लाइट लागते, पंखा फिरतो. सायेब बघत राहतात. तोंडातनं लाळ गळते, डोळ्यांतनं पाणी. डावा हात पलंगाच्या दांडीवर मारतात. मला बघवत नाही हो.” एकदा तिनं ओव्हन बंद केला होता. वहिनी परत आल्या, त्यांना थंड ट्रे दिसला. रागावल्या नाहीत. त्यांनी तिला फक्त सांगितलं, की तुझं काम माणसाचं आहे, मशीनला हात लावायचा नाही. लावायचा असेल तर उद्यापासून दुसरं घर बघ.

नळी घातलेल्या माणसाला पोटात अन्न जातं, पण तोंडाला काही लागत नाही. हे मला संध्यानंच समजावून सांगितलं. भूक जाते, चवीची ओढ राहते.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी वर गेले. वहिनी तूप फेसत होत्या. पांढरंशुभ्र, हलकं झालं होतं. मी इकडचं तिकडचं बोलले आणि मग म्हटलं, की त्यांना त्या वासाचा त्रास होतो असं ऐकलं.

“संध्या म्हणाली?”

मी ओट्यावरचे वेलदोडे सोलायला घेतले.

“मी त्यांना उपाशी ठेवते का? ओल्यात निजवते का? जाऊन बघ त्यांची पाठ.”

“तसं कुणी म्हणत नाही, वहिनी.”

“चार वाजता तर मी घरातही नसते.” त्यांनी तुपात साखर घातली, हात थांबवला नाही. “जन्मभर मी करून वाढलं आणि त्यांनी थुंकलं. आता करते आणि वाढत नाही. एवढाच फरक आहे.”

दारातून मला टिपणीस दिसत होते. ते ऐकत होते. वहिनींना ते ऐकताहेत हे माहीत होतं. आवाज त्यांनीही चढवला नव्हता.

मी हे थांबवायचं बघितलं. माझ्या यजमानांनाही वर पाठवलं, त्यांनी आडून आडून दोन शब्द सांगितले. वहिनींनी त्यांना चहा दिला आणि सोबत नानकटाईची बशी. दुपारी पुन्हा वास आला.

काही महिन्यांनी गिळणं शिकवणारा एक थेरपिस्ट यायला लागला. राजस नावाचा तरुण मुलगा, बदलापूरहून स्कूटरवर यायचा. तो टिपणिसांच्या गळ्याला बोटं लावून गिळायचा सराव करून घ्यायचा. हळूहळू जमायला लागलं. शेवटी एक दिवस तो म्हणाला, आता चमच्यानं घट्टसर पेज सुरू करू, पोट भरायला नळी आहेच. ओळखीच्या चवीचं असलं तर माणूस मनापासून गिळतो, तेव्हा ह्यांना काय आवडतं ते सांगा. गोड आवडतं का?

वहिनी म्हणाल्या, “नाही. गोड ह्यांना कधीच आवडलं नाही.”

टिपणिसांनी डावा हात उचलला आणि स्वयंपाकघराकडे दाखवलं. राजसला वाटलं पाणी हवंय. त्यानं समजावलं, की काका, पाण्यासारखं पातळ काही अजून नाही. मग तो वहिनींकडे आणि संध्याकडे वळून बजावून गेला, की कोरडं, भुगा होणारं काही द्यायचं नाही. बिस्किट, खारी, नानकटाई, काहीही. दुधात भिजवली तरी कण सुटतात, फुप्फुसात जातात. दोघींनी मान हलवली. त्या दिवसापासून टिपणिसांना तांदळाची अळणी पेज मिळायला लागली. ते मुकाट्यानं गिळायचे, आणि चार वाजता ओव्हन पेटायचा.

हिमानी सुट्टी काढून आली ती त्याच सुमारास. येईल तेव्हा डॉक्टर-औषधांच्या धावपळीत एकदोन दिवस राहून जायची, ह्या वेळी जास्त राहणार होती. आईनं कसं सांभाळलंय ते बघून आल्या आल्या तिच्या गळ्यात पडून रडली. रविवारी संध्याची सुट्टी असते. त्या रविवारी हिमानी दुपारी बाबांच्या पायाशी पुस्तक घेऊन बसली होती. वहिनी आतल्या खोलीत पडल्या होत्या. मुलगी घरी म्हणून त्या दिवशी बाहेर गेल्या नव्हत्या. चार वाजले, ओव्हनमध्ये उजेड झाला. हिमानीनं बघितलं तर बाबा आधीपासूनच तिकडे बघत होते. वास सुटला तसा त्यांनी मान भिंतीकडे वळवायचा प्रयत्न केला. मान वळेना. गालावरून लाळ उशीवर गेली.

पुढचं मला वहिनींनीच सांगितलं, जसं घडलं तसं.

हिमानी आत गेली आणि तिनं विचारलं, “आई, हे रोज करतेस तू?”

“हो.”

“त्यांना दिसतं. त्यांना वास येतो.”

“म्हणून तर.”

हिमानी खूप बोलली. तू माणूस आहेस का, असंही म्हणाली. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, की केकच्या दिवशी तू हसलीस ते मला आठवतं. हिमानीला ते कळलंच नाही, तिला तो दिवस आठवतही नव्हता. ती तडक स्वयंपाकघरात गेली, ओव्हन उघडून दोन नानकटाया काढल्या, फुंकर मारून गार केल्या, वाटीत दुधात बुडवल्या. म्हणाली, “मी भरवते बाबांना. बघते कोण अडवतं.”

कुणी अडवलं नाही. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या.

टिपणिसांनी तोंड उघडलं. पहिला चमचा जिभेवर ठेवला तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि त्यांच्या तोंडातून एक आवाज निघाला. आजारपणानंतर तसा आवाज त्यांनी काढला नव्हता. हिमानी रडत होती आणि हसत होती. दुसरा चमचा दिला. तिसऱ्याला ते खोकले. मग खोकला थांबेना, ओठ निळे पडले. हिमानी अनवाणी जिना उतरून आमच्याकडे आली.

आम्ही त्यांना उल्हासनगरच्या एका खासगी इस्पितळात नेलं. कण फुप्फुसात गेले होते. डॉक्टरांनी बाहेर येऊन विचारलं, की शेवटचं काय दिलं होतं. हिमानी भिंतीला टेकून उभी होती. वहिनींनी उत्तर दिलं. म्हणाल्या, “नानकटाई. मुलीनं प्रेमानं भरवली.”

न्यूमोनिया झाला. टिपणीस त्या आठवड्यातच गेले.

दिवसकार्याला सगळे जमले. कुणी कुणाला काय सांगितलं कोण जाणे, पण प्रत्येकाला माहीत होतं की हिमानीच्या हातून झालं. तिच्या आत्यानं तिला जवळ घेऊन सांगितलं, की मनाला लावून घेऊ नकोस, तुझा हेतू चांगला होता. ती आमच्या जिन्यात बसून राहायची. माझ्यामुळे, माझ्यामुळे, एवढंच म्हणायची. वहिनी तिथून ये-जा करत. ऐकत आणि पुढे जात.

मग संध्या भेटायला आली. हिमानीची अवस्था बघून ती कळवळून म्हणाली, की दीदी, तुम्हाला काय माहीत होतं? राजस सरांनी आम्हाला दोघींना सांगितलं होतं, तुम्ही तर इथे नव्हता. एवढं बोलली आणि तिच्या लक्षात आलं.

हिमानी उठून वर गेली. मी तिच्या मागे गेले. वहिनी ओट्यापाशी पाहुण्यांच्या कपबश्या विसळत होत्या.

“तुला माहीत होतं?”

“होतं.”

“तू दारात उभी होतीस, आई.”

“होते.”

“एक शब्द बोलायचास.”

वहिनींनी हातातली बशी पालथी घातली. “ह्या घरात मी सांगितलेलं कुणी ऐकलंय कधी? केक बसेल, हेही मी सांगितलं होतं.”

हिमानी त्यांच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली. मला वाटलं, आता ती मारेल, नाहीतर गळ्यात पडेल. तिनं दोन्ही केलं नाही. बॅग भरली आणि त्याच संध्याकाळी निघून गेली. त्यानंतर ती अंबरनाथला आलेली नाही. फोनही नाही. एकदा मी न राहवून वहिनींना विचारलं, की त्या दिवशी तिला भरवताना थांबवावंसं वाटलं नाही का. त्यांनी विचार केला आणि म्हणाल्या, “वाटलं होतं. पहिला चमचा दिला तेव्हा. पण त्यांनी डोळे मिटले ना. माझ्या हातचं खाऊन त्यांनी तसे डोळे कधी मिटले नव्हते. मला ते बघायचं होतं.”

पलंग भाड्याचा होता, तो परत गेला. हॉलमध्ये त्या जागी आता लांब टेबल आहे. वहिनी वर्ग घेतात. बदलापूरहून, उल्हासनगरहून, चिखलोलीच्या नव्या इमारतींमधून मुली येतात. माझी पुतणी तेजलही जाते. ती म्हणते, असं शिकवणारं कुणी नाही. चुकलं तरी टाकून बोलत नाहीत, पुन्हा करून दाखवतात. वहिनींची तब्येत सुधारली आहे. साड्या सोडून ड्रेस घालायला लागल्यात, चेहऱ्यावर तेज आहे.

परवा तेजलनं वर्गात त्यांना आपल्या फोनवर एक फोटो दाखवला. हिमानीला मुलगी झालीय, तिनं स्वतःच तो फोटो टाकला होता. वहिनींना कुणी कळवलं नव्हतं. त्यांनी हात पुसले, चष्मा लावला, फोन हातात घेतला. बाळाचं तोंड मोठं करून पाहिलं.

मग त्यांनी फोन परत दिला आणि विचारलं, की लोणी फ्रीजमधून बाहेर काढून ठेवलंय ना सगळ्यांनी.